गेट उघडले का जाऊ

शेंदूरजनाघाटहून एका दिवसाची सहल आखायची तर आधी उन्हाचा अंदाज हवा. वरुड, बेनोडा, मोर्शी, तिथून वर सालबर्डी, मग सिंभोऱ्याचं धरण, वेळ उरला तर रिद्धपूर. नकाशावर बोट फिरवलं की हे सारं अर्ध्या दिवसाचं काम वाटतं. पण सालबर्डीचा महादेव डोंगरातल्या भुयारात आहे, आणि सातपुड्याचा तो चढ ऊन तापायच्या आत उरकावा लागतो. धरणाचं पाणी भर दुपारी डोळ्यांवर येतं; ते पाहावं कलत्या उन्हात. मधला वेळ जेवणाचा. आमच्याकडे सहलीचं जेवण म्हणजे रोडगे, आणि रोडग्यांना घाई चालत नाही. कुठे किती थांबायचं, कुठे अजिबात थांबायचं नाही, हे सगळं माझ्या मामांना तोंडपाठ होतं. मामा गेले, आणि आता हा दिवस आखायचं काम माझ्याकडे आलं आहे.

मामांची कलमांची नर्सरी होती. शेंदूरजनाघाटची संत्री नागपूर-अमरावतीच्या बाजारात जातात हे खरं, पण गावाचं नाव दूरवर पोचलं ते कलमांमुळे. पावसाळा लागला की मध्य प्रदेशातून, राजस्थानातून गाड्या यायच्या. कलमं मोजायची, मुळाची माती शाबूत ठेवून गाडीत रचायची, यात दिवस जायचा. गिऱ्हाईक बापडं चिखलात उभं. मग मामा विचारत, "सालबर्डी पाह्यली का?" त्याने नाही म्हटलं की मामा तिथल्या तिथे त्याचा दुसरा दिवस आखून देत. "पाचले निघा. वरुडात थांबू नका. बेनोड्यात चहा घ्या अन् हात जोडा, बेचाळीसमध्ये लोकायनं तिथं छातीवर गोळ्या घेतल्या. मोर्शी आली का पाळ्याकडे वळा. गरम पान्याच्या कुंडावर आंगोळ करा, मंग डोंगर चढा. उलटं करू नका, उतरल्यावर पाय गरम पान्यात घातले का उठूशा वाटत नाई." हे ते हिंदीत सांगायला सुरुवात करत आणि दुसऱ्या वाक्याला वऱ्हाडीवर येत. समोरच्याला समजायचं. राजस्थानचा एक बागायतदार पुढच्या वर्षी मुद्दाम बायकोला घेऊन आला होता, कलमं न घेता, फक्त तो दिवस पुन्हा करायला. मामांना याचा केवढा आनंद झाला होता!

लहानपणी आम्हा भाचरांनाही ते न्यायचे. सालबर्डीला गाव अर्धं महाराष्ट्रात, अर्धं मध्य प्रदेशात, मधून माडू नदी. नदी ओलांडताना मामा म्हणत, आता तुमी परदेशात. वर चढताना ते चक्रधरस्वामींच्या गोष्टी सांगत. रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर स्वामी याच डोंगरात येऊन राहिले, बारा वर्षं राहिले, असं महानुभाव परंपरा मानते. पुढे रिद्धपूरलाच म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मामा महानुभाव नव्हते, शाळाही बेताचीच शिकलेले. पण आपल्या भाषेतला पहिला मोठा गद्यग्रंथ आपल्या तालुक्याच्या शेजारी झाला याचा त्यांना घरातल्या माणसाचा असावा तसा अभिमान होता. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं तेव्हा त्यांनी मला अमरावतीला फोन करून सांगितलं, जणू बातमी फक्त शेंदूरजनाघाटलाच कळली होती.

दोन जागा मात्र त्यांच्या दिवसात कधी नसत. एक मोवाड. वरुडहून फार लांब नाही, वर्धेच्या पलीकडे, नागपूर जिल्ह्यात. ३० जुलै १९९१ला वर्धेचा पूर गावात शिरला आणि दोनशेवर माणसं एका सकाळी गेली. मामांचे तिथे ओळखीचे लोक होते. ते मोवाडला जात, पण एकटे आणि काही काम काढून. सहलीतल्या माणसाने विचारलं तर म्हणत, "तिथं पाह्याले नाई, भेटाले जा लागते." दुसरी जागा वर्धेवरचं झुंज. तिथला धबधबा पूर्वी त्यांच्या यादीत असायचा. १४ सप्टेंबर २०२१ला तिथे नाव उलटली आणि दशक्रियेसाठी जमलेल्या एकाच नात्यागोत्यातली ११ माणसं बुडाली. त्यानंतर झुंज हा शब्दच मामांच्या बोलण्यातून गेला. कुणी काढलाच तर ते उठून रोपांना पाणी द्यायला जात.

हा दिवस मामांनी किती लोकांना आखून दिला! एका माणसाला तो कधी मिळाला नाही, माझ्या मामीला.

यात कुणी दुष्टपणा केला नाही. सगळा घोळ हंगामाचा. कलमांचं वर्ष असं असतं की जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरायचं काम साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतं. मामा उकिडवे बसत. जमिनीपासून वीतभर वर, बोटाएवढ्या जाड खोडावर चाकूने आडवी एक आणि तिच्या मधून खाली उभी एक चीर देत. चाकूच्या मागच्या बाजूने साल दोन्हीकडून अलगद सुटी करत. निवडलेल्या झाडाच्या काडीवरून डोळा सालीसकट काढलेला असे, तो त्या फटीत वरून खाली सरकवत आणि प्लास्टिकची पट्टी गुंडाळत. डोळा तेवढा बाहेर. त्यांचा अंगठा त्या वेळी एक क्षण डोळ्यावर टेकलेला असायचा, दाब न देता. रांग संपेपर्यंत ते बोलत नसत. डोळा फुटला, वाढला, की पावसाळ्यात कलमं विकायची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नर्सरीतून पाय निघत नाही. आणि धरणाची गेटंही नेमकी याच दिवसांत उघडतात.

सिंभोऱ्याच्या या ऊर्ध्व वर्धा धरणाला १३ गेटं आहेत. जलाशयाचं नाव नलदमयंती सागर. अमरावती शहर ज्या पाण्यावर जगतं ते हेच. आमच्या भागातल्या माणसाने पाण्याचा एवढा विस्तार दुसरा पाहिलेला नसतो. ऑगस्टमध्ये सातपुड्यात पाऊस धो धो झाला, वर्धा आणि तिला मिळणारे नदीनाले भरले, की पेपरात येतं, इतकी गेटं इतक्या सेंटीमीटरने उघडली. मग मोर्शीचा रस्ता माणसांनी फुलून जातो. मामी दरवर्षी ती बातमी वाचून दाखवायची. मामा दरवर्षी म्हणायचे, "यंदा गेट उघडले का जाऊ." गेटं उघडायची. त्याच आठवड्यात नर्सरीच्या दारात तीन गाड्या उभ्या असायच्या. हिवाळ्यात डोळे भरायचे. उन्हाळ्यात ऊन, आणि धरणात पाणी खोल गेलेलं, ते काय पाहायचं. महाशिवरात्रीला सालबर्डीची यात्रा तेवढी मामीच्या वाट्याला आली, तीही नवसाचे रोडगे करत चुलीपाशी बसून.

रोडग्यांचं सांगायलाच हवं, कारण मामीच्या हातचे रोडगे ज्यांनी खाल्ले त्यांना त्या डोंगराइतकेच ते लक्षात आहेत. गव्हाची जाडसर कणीक, घट्ट भिजवलेली. आधी एक छोटा गोळा, त्याला तेल, त्यावर लाटलेली पारी, पुन्हा तेल, पुन्हा पारी. असे थर देत मुठीएवढा रोडगा होतो. गोवऱ्यांचा ढीग पेटवून धूर संपेपर्यंत थांबायचं. निखाऱ्यावर रोडगे फिरवत राहायचं, मग गरम राखेत पुरून टाकायचे आणि वांग्याच्या भाजीकडे वळायचं. मामी राखेत हात घालायची आणि बोटांनीच ओळखायची झाला की नाही. फडक्यात घेऊन झटकायचा, दाबून फोडायचा. आतले पदर सुटे होतात, त्यात तूप ओतायचं. बाकीचे डोंगरावर असायचे तेव्हा मामी हे करत असायची. आम्ही खाली उतरून जेवायचो, आणि भुयार कसं होतं, अंधार किती होता, ते तिला सांगायचो. तिला काही सांगायची गरज नव्हती. मामांच्या तोंडून तो सगळा दिवस तिने इतका ऐकला होता की धरणाकडे जाताना पाणी पहिल्यांदा कोणत्या वळणावर दिसतं, हेही ती सांगू शके. मोर्शीपर्यंत ती शेकडो वेळा गेली असेल. पुढे सिंभोऱ्याला कधीच नाही.

मामांची नात, म्हणजे माझ्या मामेभावाची मुलगी, फिनलंडमध्ये असते. साइमा सरोवराच्या काठच्या एका लहानशा गावात तिची नोकरी आहे. मामा असतानाच एकदा तिने फोनवरून ते गाव दाखवलं होतं. लाकडी घरं, घरांमागे बर्चची झाडं, आणि जिकडे फोन वळवावा तिकडे पाणी. फिनलंडमध्ये लहानमोठी १ लाख ८८ हजार तळी आहेत असं ती म्हणाली. उन्हाळ्यात रात्री दहा-अकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सहल आखायची तर वेळेची काळजीच नाही, दुपारी निघालं तरी चालतं. मामा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "याचा बांध कोनं बांधला?" कुणीच नाही, आजोबा. हिमयुगातला बर्फ वितळला, त्याने कोरलेल्या खोलग्यांत पाणी साचलं. मामांना हे पटायला वेळ लागला. आमच्याकडे पाणी म्हणजे कुणीतरी अडवलेलं. शेकदरी, नागठाणा, सातनूर, जिथे पाणी दिसेल तिथे एक भिंत असतेच. आख्ख्या वऱ्हाडात माणसाने न बांधलेलं मोठं तळं म्हणाल तर लोणारचं, आणि तेही आकाशातून उल्का पडली म्हणून. "अन् हे कोनाच्या मालकीचं?" त्यांनी पुढे विचारलं. नात म्हणाली, तिथे जंगल दुसऱ्याचं असलं तरी कुणीही जाऊन बेरी तोडू शकतं, तसा हक्कच आहे लोकांना. मामा म्हणाले, वाटसरूले आपनही देतो, पण आपल्या हातानं तोडून देतो. संत्र ओढून तोडलं का देठापाशी साल फाटते, मंग ते टिकत नाई.

त्या दिवशी मामा जेवताना गप्प होते. मामीने विचारल्यावर म्हणाले, तिथल्या लोकायले पान्याची वाट पाहा लागत नसंल.

आपण काय सोसलंय ते त्या एका वाक्यात होतं. वरुड तालुक्याची बाग ही विहिरींवर उभी राहिली. अठरा-अठरा फुटांवर लावलेली झाडं, पाचव्या-सहाव्या वर्षी फळ, आणि मग ताण द्यायचा, पाणी सोडायचं, मृग किंवा आंबिया बहार धरायचा. या पाण्यासाठी विहिरी खोल गेल्या. विहिरी आटल्या तेव्हा बोअर आले, दोनशे फूट, चारशे फूट, पुढे आठशे-हजार. सगळ्यांनी एकाच जमिनीतून ओढलं आणि तालुका डार्क झोनमध्ये गेला. मामांच्या स्वतःच्या बगिच्यातली झाडं एका उन्हाळ्यात वाळली. टँकर लावले, आळी पालापाचोळ्याने झाकली, काही उपयोग झाला नाही. आधी शेंडे गेले, मग फांद्या, मग खोडावर डिंक आला. झाडं तोडून बांधावर रचली तेव्हा मामा तिथे थांबले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागांसाठी कलमं केलेल्या माणसाची बाग जळाऊ लाकूड म्हणून विकली गेली, यासारखा अन्याय मला दुसरा माहीत नाही. नर्सरीपुरतं पाणी राहिलं, म्हणून नर्सरी राहिली. ती आता मामेभाऊ पाहतो.

मामा गेले ते पहाटे. मामी शेजारीच झोपली होती. उठली, चहा ठेवला, हाक मारली. दिवसांत भेटायला येणाऱ्या बायकांना ती तेच तेच सांगायची, काही आवाज आला नाही, काही म्हणाले नाहीत. एका संध्याकाळी आम्ही दोघीच होतो. तिने विचारलं, त्या धरणाले दमयंतीचं नाव कायले देलं व? मी म्हटलं, ती आपल्या विदर्भाची राजकन्या ना, म्हणून असेल. मामी म्हणाली, "तिलेही झोपीतच सोडून गेला होता नळ. रानात." थोड्या वेळाने म्हणाली, "पन तिले भेटला तो परत. गोष्टीत." मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

यंदा नात ऑगस्टमध्ये आली, सात वर्षांच्या मुलाला घेऊन. तिथे शाळांची सुट्टी उन्हाळ्यात, आणि त्यांचा उन्हाळा संपतो तो आपल्या श्रावणात. येण्याआधीच तिने मला यादी पाठवली होती. कुठून कुठे किती किलोमीटर, गाडीने किती मिनिटं, कुठे काय पाहायचं. यादी चांगली होती, चूक काढायला जागा नव्हती. ती वाचताना मामा किती गेले आहेत ते मला पहिल्यांदा नीट कळलं. अंतरं सगळी शिल्लक आहेत. आता कुठला चहा टाळायचा, कोणत्या कुंडावर आधी जायचं, हे सांगणारा माणूस नाही. मी आठवत बसले. पाळ्याच्या आधी डावीकडे की उजवीकडे ते झाड होतं, ज्याखाली मामा गाडी थांबवायचे? आठवेना. मामेभावाला विचारलं, त्यालाही नाही आठवलं. तो लहानपणापासून नर्सरीत. बापाने लोकांना आखून दिलेले दिवस त्यानेही फार थोडे पाहिलेले.

शेवटी आम्ही यादी मामीसमोर वाचली. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून ऐकत होती. झाड डावीकडे, आणि ते आता नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं, हे तिने सांगितलं. पाळ्यावरून लोक ये-जा करतात, त्यांच्याकडून तिला कळलेलं. मग म्हणाली, "सालबर्डी आधी नको."

मी म्हटलं, मामा तर नेहमी सालबर्डी आधी धरायचे.

"ते उन्हाच्या दिवसाचं होये. आता श्रावन हाये. माडूले पूर असला तर पलीकडे जाता येत नाई, मंग पोरगं चिडचिड करते अन् सारा दिवस जाते. आधी धरन पाहू. आभाळ असलं का पानी डोळ्यावर येत नाई, सकाळीही चांगलं दिसते. मंग सालबर्डी, जेवढं जमंल तेवढं. मी कुंडापाशी बसतो, तुमी चढा." थोडं थांबून म्हणाली, "रोडगे घरूनच करून नेऊ. मले तिथं चुलीपाशी बसाचं नाई."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी आणि नात एकमेकींकडे पाहिलं नाही. नातीने यादी पुन्हा लिहिली. धरण सकाळी आठला. सालबर्डी अकराला. चढ, जमल्यास. रिद्धपूर काढून टाकलं, मुलाला दोन जागा पुष्कळ झाल्या. मग तिने फोनवर पाहिलं, धरण किती भरलंय. गेटं अजून बंद होती. पाऊस होता, पण वरच्या अंगाला जोर नव्हता. नात म्हणाली, आजी, आपण आणखी चार दिवस थांबून बघू या का? गेटं उघडली की लगेच निघू.

मामीने मान हलवली. "गेट उघडो का न उघडो. शुक्रवारी जाऊ. पानी तं हाये ना तिथं?"

मामेभाऊ तेवढ्यात आत आला. शुक्रवार ऐकून म्हणाला, शुक्रवारी शिवनीची गाडी यायची आहे, भरून द्यावी लागेल. रविवारी ठेवलं तर मीही येतो. माझ्या पोटात गोळा आला. ते वाक्य या घरात किती वर्षं असंच, याच दारात उभं राहून बोललं गेलं होतं. तो बापासारखाच दिसतो, उभाही तसाच राहतो, चौकटीला हात लावून.

"तू गाडी भर," मामी म्हणाली. "आमी जातो." आणि नातीच्या मुलाला जवळ बोलावून त्याला किती रोडगे लागतील ते विचारू लागली.